प्लॉटशेजारी प्लॉट : ऑपरेशनचा गुण कसा तपासतात?



उसाचा नवा वाण आला की आपण काय करतो? कुणी सांगितलं म्हणून सगळ्या रानात लावत नाही. दहा गुंठ्यांत नवा वाण लावतो, शेजारच्या दहा गुंठ्यांत को ८६०३२ ठेवतो, दोन्हींना पाणी-खत सारखं देतो, आणि काट्यावर वजन झाल्याशिवाय मत देत नाही. त्यातही जाणता शेतकरी खोडवा कसा येतो ते पाहतो आणि मगच बेणं वाढवतो.

पण घरात कुणाला ऑपरेशन सांगितलं की हे शहाणपण आपण बांधावर ठेवून दवाखान्यात जातो. "अमक्याला गुण आला" एवढ्या एका शब्दावर सोसायटीचं कर्ज काढतो आणि घरच्या माणसाला टेबलावर निजवतो. ऑपरेशनचा गुण देखील प्लॉटशेजारी प्लॉट लावूनच कळतो, आणि जगात तसे प्रयोग झालेले आहेत. त्यांतून काय निघालं, याची माहिती सभासदांना व्हावी म्हणून हा लेख.

रीत आधी शेतात पक्की झाली

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे जुने शेती संशोधन केंद्र आहे. तेथे १९१९ साली रोनाल्ड फिशर हे गणिती रुजू झाले. त्यांच्यापुढे अडचण आपलीच होती. रानाचा एक कोपरा कसदार, दुसरा चोपण. एकीकडे उकिरड्याची जागा, दुसरीकडे पाणी तुंबणारी. चांगल्या कोपऱ्यात नवं खत टाकलं तर पीक येणारच, मग ते खताचं यश की जमिनीचं? फिशर यांनी सांगितलं की रानाचे लहान लहान तुकडे पाडा आणि कोणत्या तुकड्याला कोणतं खत हे चिठ्ठी टाकून ठरवा. म्हणजे बरी-वाईट जमीन दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाईल. १९३५ साली त्यांनी प्रयोगांच्या आखणीवर पुस्तकच लिहिलं.

हीच रीत पुढे दवाखान्यात रुजली. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसीन हे औषध खरंच चालतं का, हे पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये १०७ रुग्णांची अशीच वाटणी झाली. ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना त्या काळची नुसती विश्रांती. १९४८ साली निकाल छापून आला आणि औषधाचा गुण पुराव्यानिशी सिद्ध झाला.

वाटणी डॉक्टरांच्या मर्जीवर सोडत नाहीत, याला कारण आहे. डॉक्टर कितीही प्रामाणिक असला तरी धडधाकट रुग्ण ऑपरेशनकडे आणि खंगलेला रुग्ण औषधाकडे धाडला जातो. मग ऑपरेशनवाले बरे दिसणारच! कसदार कोपऱ्याचीच ही गोष्ट.

गुण आला, पण कशानं?

ऊस पिवळा पडला म्हणून आपण फवारणी केली, त्याच आठवड्यात चांगला पाऊस झाला आणि ऊस हिरवागार झाला. श्रेय फवारणीला जातं. दुखण्याचंही तसंच आहे. गुडघा, कंबर, मान यांचं दुखणं कमी-जास्त होत असतं. माणूस दवाखान्यात जातो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि तिथून ते बऱ्याचदा आपोआपच उतरणीला लागतं. त्यात ऑपरेशननंतरची सक्तीची विश्रांती, सांगितलेला व्यायाम, आणि "आता माझा इलाज झाला" हा भरवसा. या सगळ्यांनी बरं वाटतं. यात रुग्ण खोटं बोलतो असं अजिबात नाही. त्याला खरंच बरं वाटतं, फक्त ते कशानं हे त्याला सांगता येत नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेत छातीतली कळ थांबवण्यासाठी एक ऑपरेशन फार चाललं होतं. छातीच्या हाडालगतच्या दोन रक्तवाहिन्या बांधल्या की हृदयाकडे जास्त रक्त वळेल, अशी कल्पना. पाट बांधून पाणी दुसऱ्या सरीत सोडावं तसं! पुष्कळ रुग्ण बरं वाटलं म्हणत. १९५९ साली सिएटल येथील डॉक्टरांनी १७ रुग्णांवर पारख केली. आठ जणांच्या रक्तवाहिन्या बांधल्या, नऊ जणांना वरची नुसती चीर देऊन टाके घातले. आराम दोन्हीकडे सारखाच! पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटानेही तेच दाखवलं आणि ते ऑपरेशन बंद पडलं. त्या रुग्णांना आपल्याला नुसती चीर मिळू शकते हे सांगितलेलं नव्हतं. रुग्णाला अंधारात ठेवून असा प्रयोग करणं आज मान्य होत नाही.

गुडघ्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन

शेतकऱ्याच्या घरात गुडघा हा मोठा विषय. सांधा झिजला की दुर्बीण घालून आतली घाण धुऊन काढायची आणि खडबडीत कुर्चा घासून साफ करायची, असं ऑपरेशन जगभर लाखोंनी होत होतं. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. ब्रूस मोझली यांनी त्याची पारख केली. ३२४ जणांना विचारलं आणि सांगितलं की तुम्हाला नुसती वरवरची चीरही मिळू शकते. १४४ जण नाही म्हणाले, १८० तयार झाले. चिठ्ठीप्रमाणे त्यांचे तीन गट पडले. एकाचा गुडघा धुऊन घासला, दुसऱ्याचा नुसता धुतला, तिसऱ्याला फक्त कातडीवर तीन लहान चिरा दिल्या. या तिसऱ्या गटाच्या वेळी डॉक्टर अवजारं मागत, गुडघा हलवत, पाणी उडवल्याचा आवाजही करत, म्हणजे रुग्णाला फरक कळू नये.

दोन वर्षे रुग्णांचं दुखणं, चालणं, जिना चढणं मोजलं. २००२ साली निकाल आला. नुसत्या चिरेपेक्षा खऱ्या ऑपरेशनला कधीही जास्त गुण आला नाही. पुढे फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर दुसरा प्रयोग झाला. वयोमानाने फाटलेली गुडघ्यातली गादी कापून काढण्याचं ऑपरेशन आणि खोटं ऑपरेशन यांत वर्षअखेर फरक दिसला नाही. हा निकाल २०१३ चा.

मग गुडघ्याची सगळीच ऑपरेशनं फुकट काय? तसं नाही. गुडघ्याची वाटी बदलण्याच्या ऑपरेशनची पारख डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झाली. सर्वांनाच बारा आठवडे व्यायाम, वजन कमी करणं, औषध, बुटातली गादी असा उपचार दिला. त्यांतल्या निम्म्यांची आधी वाटीही बदलली. वर्षअखेरीस शंभरपैकी गुण मोजले तर वाटी बदललेल्यांची सुधारणा सुमारे ३२ गुणांची, नुसत्या व्यायाम-औषधवाल्यांची १६ गुणांची. म्हणजे ऑपरेशन सरस ठरलं. पण गंभीर त्रासही ऑपरेशनवाल्यांत जास्त झाले. आणि दुसरीकडच्या ५० पैकी फक्त १३ जणांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं, बाकीच्यांचं निभावलं. २०१५ साली छापलेला हा निकाल दोन्ही बाजू दाखवतो.

पाठीची गादी सरकली तर

कंबरेतून पायात कळ जाते, एमआरआय काढला की गादी सरकलेली दिसते. नेदरलँड्समध्ये दीड ते तीन महिने तीव्र कळ सोसलेल्या २८३ रुग्णांची वाटणी केली. अर्ध्यांचं ऑपरेशन लवकर, अर्ध्यांना थांबून औषध-उपचार, आणि नाहीच भागलं तर ऑपरेशन. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, हे खरं. पण वर्ष संपलं तेव्हा दोन्हीकडे शंभरातले ९५ बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन लागलं, बाकीच्यांना लागलंच नाही. तेव्हा इथं प्रश्न "करू की नको" असा नसून "लवकर आराम हवा की थांबायची तयारी आहे" असा आहे. त्याचं उत्तर रुग्णाने आपलं काम, आपली कळ आणि आपली ऐपत पाहून द्यायचं असतं.

जिथं जास्त कापणंच हिताचं ठरलं

अशी पारख नेहमी ऑपरेशनच्या विरुद्धच जाते, असा समज कुणी करून घेऊ नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं उदाहरण आपल्या जवळचं आहे, कारण तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाचा कॅन्सर आपल्या गावांतही होतो. तोंडातली गाठ लहान असताना काढली, पण मानेत गाठी हाताला लागत नाहीत. मग मानेतल्या गाठी त्याच वेळी काढाव्यात, की पुढे दिसल्या तर काढाव्यात? यावर वर्षानुवर्षे वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ पासून रुग्णांची वाटणी करून प्रयोग चालवला. २०१५ साली पहिल्या ५०० रुग्णांचा हिशोब मांडला. तीन वर्षांनंतर, आधीच मान साफ केलेल्यांत शंभरातले ८० जिवंत, थांबलेल्यांत ६७ ते ६८. शंभरामागे बारा जीव! वाद मिटवणारा हा पुरावा मुंबईतून जगाला गेला.

पिशवी काढण्याचा प्रश्न

आता जो विषय आपल्या उसाशी थेट बांधलेला आहे, त्याकडे येऊ. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला येणाऱ्या बायांची गर्भाशयाची पिशवी मोठ्या संख्येने काढली जाते, अशी ओरड झाल्यावर राज्य शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागे एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभराला तीनच्या आसपास आहे.

यातलं प्रत्येक ऑपरेशन चुकीचं होतं असं या आकड्यावरून म्हणता येणार नाही. पण कारणं आपण जाणतो. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, अंगावरून जातंय म्हणून एक दिवस बसली तर खाडा पडतो. मग "पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल" असा सल्ला मिळतो.

आता पुरावा काय म्हणतो? पाळीत अति रक्तस्राव होणाऱ्या २३६ स्त्रियांची फिनलंडमध्ये वाटणी झाली. निम्म्यांची पिशवी काढली, निम्म्यांना हार्मोन सोडणारी, तांबीसारखी गर्भाशयात बसवायची वस्तू दिली. पाच वर्षांनी दोन्हीकडच्या स्त्रियांची तब्येत, मन आणि समाधान जवळपास सारखंच सुधारलेलं होतं. तांबीवाल्यांपैकी ४२ टक्के जणींना पुढे पिशवी काढावी लागली, म्हणजे निम्म्याहून जास्त जणींचं ऑपरेशन टळलं, आणि खर्चही कमी आला. पांढरं जाणं, जंतुसंसर्ग यांवर तर बहुधा गोळ्यांनी भागतं. पिशवीबरोबर बीजकोशही तरुणपणी काढले तर पाळी एकदम कायमची थांबते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयरोगाचा धोका वाढतो. कोयता चालवून पोट भरणाऱ्या बाईला हे नुकसान जन्मभर पुरतं.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशवी काढण्याला आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. पण आपल्या फडावर पाणी, आडोसा आणि आजारपणाची सुट्टी देण्यासाठी कोर्टाची वाट पाहावी लागत नाही. ऊस आपला आहे, तो तोडणारी टोळीही आपल्याच भरवशावर आलेली असते.

डॉक्टरांना काय विचारावं?

ऑपरेशन सांगितलं तर घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. डॉक्टरसाहेबांना मानाने पण स्पष्ट विचारावं :

१. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? थांबलो तर धोका आहे का, आणि किती दिवस थांबता येईल?

२. औषध, व्यायाम, वजन कमी करणं असा दुसरा उपाय आहे का? तो पुरेसा करून पाहिला का?

३. माझ्यासारख्या शंभर रुग्णांत किती जणांना गुण येतो, आणि ऑपरेशन न केलेल्या शंभरांत किती जणांना? दुसरा आकडा विचारल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. शेजारचा प्लॉट तो हाच.

४. गुण म्हणजे नक्की काय? एक्स-रे चांगला दिसेल, की मला बांधावरून चालता येईल, रात्री झोप लागेल? ऊस उंच वाढला म्हणजे साखर उतारा वाढला असं नव्हे.

५. वर्षा-दोन वर्षांनी काय स्थिती राहते? लागणीबरोबर खोडव्याचंही विचारून घ्यावं.

६. त्रास काय होऊ शकतात, कामावर कधी जाता येईल, एकूण खर्च किती?

घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं, शक्यतो सरकारी रुग्णालयातलं, मत घ्यावं. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

मात्र काही वेळा थांबणं जिवावर बेतू शकतं. अपेंडिक्स सुजणं, अडकून कळ मारणारा हर्निया, अडलेली बाळंतीण, अपघातातला रक्तस्राव, पाठीच्या दुखण्यात लघवी अडणं किंवा पायातली ताकद जाणं, अशा वेळी हा लेख बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावं. स्तनात गाठ, तोंडात न भरणारी जखम, किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त जाणं हे दिसलं तर हंगाम संपायची वाट न पाहता दाखवून घ्यावं.

वरील प्रश्नांचा कागद कापून घरात ठेवावा, आणि आपल्या फडावर आलेल्या टोळीतल्या बायांनाही वाचून दाखवावा, ही सभासदांना विनंती.