डोक्यावरची काच

बंगळुरूत वर्षातून दोनदा सावली गायब होते. 24 एप्रिल आणि 18 ऑगस्टच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच जिरते. कोरमंगलातल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत हा 'शून्य सावली दिवस' बघायला पोरंटोरं जमतात. आता त्याच क्षणी, तिथून जवळच सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेली एक गाडी बघा. तिच्यावर पत्रा नाहीच, सगळं छत काचेचं. छताच्या दर चौरस मीटरवर जवळजवळ एक किलोवॅट ऊन सरळ खाली कोसळतंय. तरी आतली माणसं भाजून निघत नाहीत. का?

कारण उन्हातला जेमतेम निम्माच भाग आपल्याला दिसणारा उजेड असतो. उरलेला बहुतेक भाग अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी पण कातडीला जाणवणारी धग. चांगल्या प्रतीच्या छतात काचेच्या दोन तावांमध्ये चांदीचे थर दिलेले असतात. हो, आपली दागिन्यांची चांदी! एकेक थर सुमारे दहा नॅनोमीटरचा, केसापेक्षा काही हजार पट पातळ. इतकी पातळ चांदी आरपार दिसते. उजेडाला वाट देते आणि धग मात्र आल्या वाटेने परत पाठवते. स्वस्तातल्या छतात चांदी नसते, नुसती गडद काच असते. ती ऊन स्वतःच पिते, तापते आणि मग तुमच्या टाळूवर शेकोटी धरते. एकाच उन्हात उभ्या दोन गाड्यांत एवढा फरक पडतो तो यामुळे.

बरं, उन्हाचं निभावलं. पण बंगळुरूचा एप्रिल नुसता तापत नाही. दुपारभर रणरणतं आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस, कधी गारांसकट, धाडकन येतो. तापलेल्या काचेवर गार पाणी! ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता, त्यांना पुढचं सांगायला नको: पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचे चार थेंब उडाले की काच तडकलीच. साध्या काचेला एका ठिकाणी गरम आणि शेजारी गार असा चाळीसेक अंशांचा फरकही सोसत नाही. गाडीची टेम्पर्ड काच मात्र दोनशे अंशांच्या आसपासचा फरक सोसते. काच तीच, वाळू-सोडा-चुन्याची. मग हे बळ आलं कुठून?

ऐका, कारण ही करामत फार देखणी आहे. काच सहाशे अंशांच्या वर, मऊ पडेपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. बाहेरची कातडी झटकन घट्ट होते, पोट अजून गरमच. मग पोट सावकाश निवतं, आकसायला बघतं. पण कातडी तर आधीच गोठलेली! पोट तिला आत ओढत राहतं आणि ती दाबाखाली अडकते, कायमची. किती दाब? चौरस सेंटिमीटरला सुमारे 700 ते 1000 किलो. काच फुटते ती तिच्यावरच्या बारीक ओरखड्याचं तोंड उघडलं की. इथे ते तोंड एवढ्या दाबाने मिटून धरलेलं असतं. काच फोडायची तर आधी हा दाब हटवायला हवा.

हे गुपित माणसाच्या हाती आलं ते मात्र खेळण्यातून. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला काचमणी तयार होतो. डोक्यावर हातोडा मारा, फुटत नाही. शेपटीचं टोक मोडा, सगळ्या मण्याची क्षणात भुकटी. इंग्लंडात प्रिन्स रूपर्टच्या नावाने ओळखले जाणारे हे थेंब 1660 च्या दशकात रॉयल सोसायटीतल्या विद्वानांना चक्रावून गेले. त्यांच्या स्फोटाचा वेग नीट पकडायला 1994 साल उजाडलं. श्रीनिवासन चंद्रशेखर आणि मुनव्वर चौधरी या संशोधकांनी सेकंदाला लाखो चित्रं टिपणारा कॅमेरा लावला आणि दिसलं की तडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर पळतो.

तुमच्या छताचंही तसंच आहे. तडा एकदा कातडी भेदून ताणलेल्या पोटात शिरला की एक मीटर काच सेकंदाच्या हजाराव्या भागात खडेखडे. हे खडे बोथट असावेत म्हणून कसोटीही तशीच आहे. काचेला टोकदार पंच मारून ती मुद्दाम फोडतात आणि पाच बाय पाच सेंटिमीटरच्या चौकोनात तुकडे मोजतात. चाळीसपेक्षा कमी भरले तर काच नापास, कारण तुकडे कमी म्हणजे मोठे, आणि मोठे म्हणजे गळ्याशी सुरे. फुटण्यातही शिस्त लागते, ही कल्पना मला तरी अजून पचलेली नाही.

आणि कधीकधी कोणी हात न लावताही अशी काच फुटते. उभ्या गाडीत, बंदुकीसारखा आवाज करून. बहुतेकदा कडेला बसलेला खड्याचा जुना टोला कारण असतो, पण एक चोर फारच विलक्षण आहे. काच बनताना तिच्यात निकेल सल्फाइडचा कण राहून जातो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. हा पदार्थ 379 अंशांच्या वर एका रूपात असतो, खाली दुसऱ्या, किंचित फुगलेल्या रूपात. हवेच्या झोताने काच इतक्या झपाट्याने निवते की कणाला रूप बदलायला सवडच मिळत नाही. मग तो बदलत राहतो, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं, आणि एका निवांत दुपारी एवढा फुगतो की काचेच्या ताणलेल्या पोटाला पहिला तडा देतो.

यावर इलाज आहे, आणि तो तुमच्या पुढच्या काचेत आधीपासूनच आहे: लॅमिनेशन. 1903 साली एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक चंबू खाली पडला. तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा सुकलेला पापुद्रा होता, त्याने तुकडे धरून ठेवले होते. आज दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा 0.76 मिलिमीटरचा पडदा असतो. काच फुटली तरी जागेवर राहते. शिवाय हा पडदा अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. पुढची काच लॅमिनेटेड असणं सक्तीचं आहे. छताला ती सक्ती नाही. तिथे टेम्पर्डही चालते.

आता जड प्रश्न. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस ताम्हिणी घाटात डोंगरावरून सुटलेला दगड धावत्या गाडीचं सनरूफ फोडून आत आला आणि एका महिलेचा जीव गेला. मग काच कमजोरच ना? आकडे मांडून बघू. टेम्पर्ड काचेच्या एका प्रमाण कसोटीत 227 ग्रॅमचा पोलादी गोळा दोन मीटरवरून टाकतात. ऊर्जा साडेचार ज्यूल. समजा पाच किलोचा दगड चाळीस मीटरवरून आला, तर दोन हजार ज्यूलच्या घरात. चारशे पटींहून जास्त! अशा माऱ्यापुढे लॅमिनेटेड काचेची हमीही मी देणार नाही. पत्रा निदान वाकतो, त्याला पोचा पडतो, वाकता वाकता मार खातो. काचेला वाकणं ठाऊक नाही. दरडीच्या दगडापुढे पत्रा उजवा, यात वाद नको.

पण गाडी उलटली तर? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. उलटलेल्या गाडीचं वजन छताचा पत्रा पेलतच नाही. तो जेमतेम 0.7 मिलिमीटरचा असतो. वजन पेलतात ते खांब, दाराच्या माथ्यावरून जाणारे लांब दांडे आणि आडवे बांध, आणि तिथे साध्या पोलादाच्या कितीतरी पट ताकदीचं, साच्यातच गरम दाबून घडवलेलं पोलाद असतं. काच बसवायची म्हणून हीच चौकट आणखी मजबूत करतात. अमेरिकी नियमानुसार बहुतेक गाड्यांच्या छताने गाडीच्या वजनाच्या तिप्पट भार सोसायला हवा. तिथली आयआयएचएस ही विमा कंपन्यांची संस्था 'उत्तम' शेरा चौपटीला देत असे, आणि टेस्लाच्या काचेच्या छताच्या मॉडेल 3 ने तो मिळवला. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप आलं, समोरून आणि बाजूने धडका देऊन तारे देतं. छत चेपण्याची कसोटी त्यात नाही. असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

काचेचा एक तोटा मात्र खराच, आणि तो कोणी सांगत नाही: वजन. पाच मिलिमीटर काच चौरस मीटरला साडेबारा किलो, पत्रा साडेपाच. हा बोजा नेमका सगळ्यात उंचावर चढतो.

आणि उघडणारं छत? तिथे काचेच्या साऱ्या करामती निकामी, कारण तिथे काचच नाही, भोक आहे. सप्टेंबर 2025 मध्ये बंगळुरूत, जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या परिसरातून विद्यारण्यपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभ्या असलेल्या मुलाला रस्त्यावरच्या उंची रोखणाऱ्या लोखंडी कमानीचा फटका बसला. ताशी 40 किलोमीटरला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. एवढ्या वेगात उभ्या पोराला कळणार तरी कसं? गाडी उलटताना हेच भोक माणसाला बाहेर फेकतं. त्यासाठी ह्युंदाई मोबिसने 2017 साली छताखाली 0.08 सेकंदात पसरणारी एअरबॅग दाखवली. पण सीटबेल्टने बांधलेला माणूस मुळात त्या भोकापर्यंत पोचतच नाही.

2024 च्या नोव्हेंबरात आलेल्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या चाकणला बनणाऱ्या गाड्यांवर न उघडणारी काच आहे. माझा कौल त्याच बाजूला: काच हवी तर ती न उघडणारी आणि लॅमिनेटेड असावी. शोरूममध्ये छताच्या काचेच्या कोपऱ्यातला बारीक छाप वाचा. 'लॅमिनेटेड' की 'टेम्पर्ड' हे बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. युरोपीय छाप असेल तर लॅमिनेटेड काचेवर रोमन आकड्यात अकरा असतो. छाप सापडला नाही तर विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.