बटण बंद, तरी वीज चालू!

वर्षावास संपत आला की विहारांची साफसफाई निघते. कोणी कोळिष्टके काढतो, कोणी फरशी धुतो आणि एखादा उत्साही तरुण स्टुलावर चढून ट्यूबलाईटची पट्टी पुसायला घेतो. खालून एखादी मावशी ओरडते, "बटण बंद केलंस ना रे?" तो म्हणतो, "हो." आमचे म्हणणे असे की, एवढ्यावर भागत नाही.

दिव्याला दोन तारा लागतात, फेज आणि न्यूट्रल. २३० व्होल्टचा झटका बसतो तो फेजचा. म्हणून बटणाने फेजच तोडली पाहिजे. पण कुणाच्या मामाने, कुणाच्या मेहुण्याने फावल्या वेळात ओढलेल्या जुन्या लाईनीत बटण पुष्कळदा न्यूट्रलवर बसलेले असते. लाल ती फेज, काळी ती न्यूट्रल, हा नियमही तिथे चालत नाही. हाताला लागला तो तुकडा जोडलेला असतो. ट्यूब मात्र दोन्ही प्रकारे सारखीच पेटते आणि विझते. त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. दिवा बंद, पण पट्टीत फेज जिवंत!

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी देशाच्या विजेचा प्रश्न हाताळला, हे आपण १४ एप्रिलला भाषणात अभिमानाने सांगतो. आणि त्याच मंडपात उघड्या तारांचे जोड सेलोटेपने झाकतो. असो.

चूक ओळखायला एक टेस्टर पुरतो. आधी तो चालू असलेल्या प्लगात लावून पेटतो का, ते पाहावे. मग पेटती, चांगली ट्यूब असलेल्या पट्टीचे बटण बंद करावे. पायात कोरडी चप्पल, खाली लाकडी स्टूल. स्टार्टर थोडा फिरवला की बाहेर येतो. त्याच्या जागी आत जे दोन पितळी संपर्क दिसतात, त्यांना टेस्टरचे टोक आळीपाळीने लावावे. धातूच्या पट्टीला हात लावू नये. टेस्टर पेटला तर बटण न्यूट्रलवर आहे. चोक आणि ट्यूबच्या टोकातली तार, या वाटेने फेज तिथवर पोहोचलेली असते. ट्यूब जळालेली असेल तर ही वाटच तुटते आणि टेस्टर फसवतो, म्हणून चांगली ट्यूब हवी.

बटण बंद केल्यावरही रात्री ट्यूब मधूनच लुकलुकत असेल तर तीही याचीच खूण असू शकते. आता बऱ्याच घरांत एलईडी पट्ट्या आल्या. पट्टी नवी, पण बटणामागची जोडणी जुनीच राहते.

दुरुस्ती मेन स्विच पाडून, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी आणि नंतर हीच तपासणी पुन्हा करावी. एकाच दिव्याला दोष असेल तर त्याच्या बोर्डातल्या तारा बदलल्या की झाले. सगळ्याच दिव्यांना असेल तर मेनजवळच फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असण्याचा संभव आहे. मग पंख्याची आणि प्लगचीही बटणे तपासून घ्यावीत.