मजकुराच्या वेषातला माल

युजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावरच्या एखाद्या जुन्या बायनरी (म्हणजे चित्रं-गाण्यांसारख्या फाइलींच्या) ग्रुपची यादी उघडली की ओळीमागून ओळ साधारण अशी दिसते: [०३/२७] "मैफल.पार्ट०३.रार" वायएन्क (१७/६५). जाणकाराला एवढं पुरतं. रार या फाइल-आवळणाऱ्या प्रोग्रामने एका ध्वनिमुद्रणाचे २७ तुकडे केलेत, त्यातला हा तिसरा. आणि तो तुकडाही ६५ आर्टिकलांत फोडलाय, त्यातलं हे सतरावं. युजनेटवर पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीला आर्टिकलच म्हणतात, मग आत सतार असो, सिनेमा असो की दोन ओळींचं भांडण. या यंत्रणेला दुसरं काही कळतच नाही. ती बांधली गेली मजकुरासाठी. आज तिच्यातून रोज शेकडो टेराबाइट माल वाहतो आणि त्यात मजकूर हुडकावा लागतो. हे कोणी ठरवून केलं नाही, कोणी परवानगीही मागितली नाही. गरज पडेल तसे एकेक जुगाड होत गेले, आणि त्यातले काही जुगाड इतके देखणे निघाले की त्यांच्यासाठी हा लेख.

१९७९ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ड्यूक विद्यापीठात शिकणाऱ्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना युनिक्स वापरणाऱ्या संगणकांमध्ये सूचना-बातम्यांची देवघेव करायची होती. शेजारच्या चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिननी पहिली आवृत्ती काही शेल स्क्रिप्टांवर उभी केली. संगणक रात्री एकमेकांना फोन लावायचे, कारण रात्रीचे दर स्वस्त. यूयूसीपी नावाच्या सोयीने दिवसभराचे आर्टिकल इकडून तिकडे जायचे, तिथून पुढच्या संगणकाकडे. दिवसाला मोजके आर्टिकल येतील, हा हिशेब. मध्यवर्ती कार्यालय नाही, मालक नाही. प्रत्येकाने आपल्या यंत्रावर पूर्ण प्रत ठेवायची आणि शेजाऱ्याला द्यायची, एवढाच करार.

१९८६ साली ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी इंटरनेटसाठी एनएनटीपी हा शिष्टाचार लिहून काढला, तेव्हा हाच करार आज्ञांमध्ये उतरला. एक सर्व्हर दुसऱ्याला म्हणतो, 'आयहॅव', आणि पुढे आर्टिकलचा ओळख-क्रमांक देतो. समोरचा ३३५ म्हणाला तर 'पाठव', ४३५ म्हणाला तर 'नको, आहे माझ्याकडे'. आजही आतमध्ये याच धर्तीचा संवाद चालतो, फक्त वेग भयंकर वाढलाय. ओळख-क्रमांक जगभर एकच असल्यामुळे एक आर्टिकल दहा वाटांनी आलं तरी सर्व्हरवर एकदाच उतरतं.

आता अडचण. या वाटांवरून फक्त सात बिटांची रोमन अक्षरं सुखरूप जात. चित्र, आवाज, चालवायचा प्रोग्राम यांच्या बाइटमध्ये आठही बिट वापरात असतात. तशीच फाइल पाठवली तर वाटेतला एखादा संगणक आठवा बिट कापून टाकायचा, दुसरा ओळीच्या शेवटची चिन्हं बदलायचा, आणि पलीकडे पोचायचा तो चोथा. यावरचा तोडगा मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी १९८० साली बर्कलीत लिहिला होता, तोही ईमेलसाठी: यूयूएन्कोड. तीन बाइट घ्यायचे, म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडायचे. प्रत्येक गटात ३२ मिळवले की छापता येईल असं अक्षर मिळतं. एका ओळीत ४५ बाइट. ओळीच्या आरंभी ओळीची लांबी, तीही ३२ मिळवून. ४५ अधिक ३२ म्हणजे ७७, आणि ७७ म्हणजे रोमन 'एम'. म्हणून यूयूएन्कोड केलेली फाइल उघडली की वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळ 'एम'ने सुरू होते, फक्त शेवटची तेवढी आखूड. त्या काळात ज्यांनी मोडेमवर रात्री काढल्या त्यांना ती एमांची भिंत झोपेतही ओळखू येईल.

या पद्धतीत शून्याचं रिकामं अक्षर व्हायचं. काही संगणक ओळीच्या शेवटची रिकामी जागा कचरा समजून झाडून टाकत आणि फाइल मोडत. मग रिकाम्या अक्षराऐवजी उलटं अवतरणचिन्ह वापरायची पद्धत आली. शिवाय वजन एक तृतीयांशाहून जास्त वाढायचं ते वेगळंच.

ही अडचण चित्रांपुरती नव्हती, हे मराठी माणसाला चांगलं ठाऊक असायला हवं. सोशल-कल्चर-इंडियन-मराठी हा ग्रुप होता, आणि त्यावरचं मराठी रोमन लिपीतलं होतं, कारण देवनागरीलाही त्या सात बिटांच्या वाटेवर प्रवेश नव्हता. हिंदी सिनेसंगीतावर जीव टाकणारे रेक-म्युझिक-इंडियन-मिस्क या ग्रुपवर जमत. तिथल्या लोकांनी शेकडो गाण्यांचे शब्द अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीने टंकून काढले: दीर्घ आ-साठी दोनदा 'ए', ट-साठी कॅपिटल 'टी'. आपल्याकडे आयट्रान्सचा प्रोग्राम असेल तर त्याच रोमन अक्षरांतून छापता येईल अशी देवनागरी बाहेर पडायची. म्हणजे गाण्याचा आवाज आणि गाण्याचे शब्द, दोघांनाही एकाच दारातून वेष पालटूनच आत यावं लागत होतं.

आरंभी फाइलींसाठी वेगळा, शिस्तीचा ग्रुप होता. कॉम्प-बायनरीज-आयबीएम-पीसीवर जे येईल ते आधी नियामकाच्या नजरेखालून जायचं. काही काळ हे काम 'झू' नावाचा फाइल-आवळणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या राहुल धेसींनी केलं. १९८७ साली सगळ्या ग्रुपांची नव्याने मांडणी झाली, आणि त्याच सुमाराला जॉन गिलमोर, ब्रायन रीड प्रभृतींनी कोणाच्याही मंजुरीविना ग्रुप काढता येतील अशी 'ऑल्ट' शाखा सुरू केली. पुढे तिच्यात बायनरीज अशी पोटशाखा फुटली: चित्रं, आवाज, मग एमपीथ्री, मग मालिका आणि चित्रपट. पोटशाखा वेगळी ठेवण्यामागे शहाणपण होतं. ज्या विद्यापीठाला हा भार नको असेल त्याने एवढंच नाव वगळावं, गप्पा चालू राहतील. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

सगळंच चोरीचं होतं असं मात्र नाही, आणि हे सांगायला हवं, कारण युजनेट म्हटलं की तेवढंच बोललं जातं. खगोलशास्त्राच्या चित्रांचा ग्रुप होता. जुन्या अमेरिकन रेडिओ-नाटकांचा एक ग्रुप होता, जिथे संग्राहक आपापल्या टेपा संगणकावर उतरवून टाकत. पण व्यावसायिक संगीत आणि सिनेमे आले तसा बाकीचा आवाज त्यात बुडाला, हेही खरं.

फाइल मोठी झाली तशी नवी डोकेदुखी सुरू झाली: तुकडे हरवायचे. सर्व्हरांच्या साखळीत एखादी जोडणी मंद, एखाद्याची डिस्क भरलेली, आणि प्रत्येक ठिकाणी वेगवेगळे आर्टिकल गळायचे. २७ तुकड्यांतले २६ मिळाले तर हातात काहीच नाही. मग ग्रुपवर याचना: अकरावा पुन्हा टाका हो. कोणीतरी दया येऊन टाकायचा, पण तोवर दुसऱ्याला एकोणिसावा मिळालेला नसे. आणि त्या काळी डिस्क इतकी तोकडी की नवीन आलं की जुनं झडायचं. म्हणजे पुन्हा टाकलेला प्रत्येक तुकडा दुसऱ्याच कोणाचा तरी तुकडा बाहेर ढकलायचा.

२००१ साली यावर आलेला उपाय मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत सुंदर वाटतो. पार नावाचं तंत्र. मूळ गणित १९६० सालचं, आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांचं. सीडीवर ओरखडा पडूनही गाणं वाजत राहतं ते त्याच्याच जोरावर. २७ तुकड्यांसोबत समजा पाच जादा पार-फाइली टाकल्या. त्यांतली कुठलीही फाइल ठरावीक अशा एका तुकड्याची प्रत नसते. प्रत्येकीत सत्तावीसच्या सत्तावीस तुकडे गणिताने मिसळलेले असतात. मग माझा अकरावा गळू दे, तुमचा एकोणिसावा. कुठलेही पाच गळाले तरी त्याच पाच फाइलींतून दोघांचंही भागतं. याचना संपली. पुढच्या आवृत्तीत, म्हणजे पार-टूमध्ये, हा हिशेब अख्ख्या तुकड्यांऐवजी बारीक ठोकळ्यांवर आला, त्यामुळे आर्टिकलभर नुकसान झालं तर आर्टिकलभरच दुरुस्ती लागते. मालक नसलेल्या जाळ्यात, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचं नुकसान न विचारता भरून काढायची ही व्यवस्था कोणा कंपनीच्या प्रयोगशाळेतून आली नाही.

त्याच वर्षी जर्मनीच्या युर्गन हेल्बिंगने वायएन्क काढलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: सात बिटांच्या वाटा आता उरल्यात कुठे? प्रत्येक बाइटमध्ये ४२ मिळवा आणि तसाच पाठवा. शून्य, ओळ संपल्याची दोन चिन्हं आणि बरोबरचं चिन्ह, एवढ्या चारांनाच काय ती पळवाट द्यायची. ४२ मिळवण्याचा फायदा असा की फाइलींत शून्यांची गर्दी असते. ती शून्यं निरुपद्रवी चांदण्या होऊन निघून जातात. वाढीव वजन एक-दोन टक्क्यांवर आलं. जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावला. नीट प्रमाणपद्धत ठरवलेली नाही, फाइलीची ओळख विषयाच्या ओळीत कोंबलीय, यूयूएन्कोडच्याच चुका पुन्हा! आक्षेप रास्त होते. पण उतरवायला सुमारे एक चतुर्थांश वेळ कमी लागतोय म्हटल्यावर ते कोण ऐकणार. काही महिन्यांत सगळ्यांनी वायएन्क स्वीकारलं.

राहिलं ते गोळा करणं. सात गिगाबाइटचा चित्रपट सातशे किलोबाइटच्या आर्टिकलांत फोडला तर दहा हजार आर्टिकल होतात. ते यादीत हाताने कोण वेचणार? ब्रिटनमधल्या न्यूझबिन या संकेतस्थळाने त्यासाठी एनझेडबी फाइल आणली. तिच्यात चित्रपट नसतो, चित्राचा ठिपकाही नसतो. असते ती फक्त त्या दहा हजार ओळख-क्रमांकांची यादी. ती सॅबएनझेडबीडीसारख्या प्रोग्रामला दिली की तो सर्व्हरशी वीस-तीस जोडण्या उघडतो, एकेक क्रमांक मागतो, तुकडे जोडतो, पारने दुरुस्त करतो, रार उलगडतो. टोरंटमध्ये उतरवणारा त्याच वेळी वाटणाराही असतो. इथे तो फक्त घेतो. त्यामुळे खटल्यांचा रोख वापरणाऱ्यांकडून सरकून यादी करणाऱ्यांवर आणि साठवणाऱ्यांवर गेला.

या दोघांत न्यायालयांनी केलेला फरक मला पटतो. न्यूझबिनचे संपादक चित्रपटांची वर्गवारी करून तुकडे जुळवून देत आणि सभासदांकडून पैसे घेतले जात. आपण काय निवडतोय हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच उरली नव्हती. मार्च २०१०मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात ते हरले. दुसऱ्या नावाने पुन्हा उभे राहिले, तेव्हा २०११ साली न्यायालयाने बीटी या कंपनीला ते संकेतस्थळ अडवायला लावलं, आणि ब्रिटनमधल्या पुढच्या अशा बंदी-आदेशांची वाट मोकळी झाली. उलट अमेरिकेत परफेक्ट टेन या छायाचित्रांच्या कंपनीने सर्व्हर चालवणाऱ्या गिगान्यूजवर भरलेला दावा २०१७ साली अपील न्यायालयातही टिकला नाही: यंत्राने आपोआप साठवलं, कंपनीने स्वतः नक्कल केली नाही. मालकी सांगणाऱ्याची नोटीस आली की आर्टिकल काढून टाकायची, एवढी जबाबदारी मात्र राहते. मग सर्व्हर ४३० म्हणतो, 'असं आर्टिकल नाही'. दहापैकी नऊ तुकडे असे गेले तर पारही काही करू शकत नाही. यावरचा उतारा म्हणून टाकणाऱ्यांनी नावंच पुसली. आता ग्रुप उघडावा तर विषयाच्या ओळीत निरर्थक अक्षरांची रांग, आणि तिचा अर्थ लावणारी एनझेडबी बंद दाराआडच्या सभासदांकडे. सार्वजनिक फळ्यावर चिकटवलेला, पण लोकांना न वाचता येणारा मजकूर. पाठवण्याची ही रीत जितकी चलाख तितकीच मला ओशाळवाणी वाटते.

दरम्यान घर रिकामं होत होतं. २००८ साली न्यू यॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू क्युओमो यांनी बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांवरून इंटरनेट कंपन्यांवर दबाव आणला, आणि व्हेरायझन, टाइम वॉर्नर केबल आदींनी ग्रुपांची सेवा कापली किंवा बंदच केली; महागडा भार उतरवायला निमित्त हवंच होतं. मे २०१०मध्ये खुद्द ड्यूकने आपला युजनेट सर्व्हर बंद केला. जिथे शेजाऱ्याने शेजाऱ्याला फुकट द्यायचा करार होता, तिथे महिन्याचं भाडं घेणाऱ्या थोड्या मोठ्या साठवण-कंपन्या उरल्या. त्यांनी डिस्क वाढवत नेल्या आणि २००८च्या ऑगस्टच्या आसपासपासून पुढचं झडू देणंच थांबवलं. परिणाम विचित्र आहे. नव्वदच्या दशकात टाकलेली चित्रं आणि गाणी, एमांच्या भिंतींसकट, बहुतेक कायमची गेली, कारण तेव्हाच्या संग्राहकांनी मुख्यतः मजकूरच राखला: टोरांटोच्या हेन्री स्पेन्सर यांच्या १९८१ ते १९९१च्या टेपा, नंतर डेजान्यूज, आणि ते विकत घेणारं गूगल. नंतरचं मात्र, नोटिशींनी काढलेलं वगळता, बरंचसं शिल्लक आहे, कोणी कधी उतरवणार नाही अशा खाजगी, कुलूपबंद बॅकअपांसह.

मजकूरही अगदीच संपलेला नाही. २२ फेब्रुवारी २०२४ला गूगल ग्रुप्सने युजनेटशी संबंध तोडला, आणि त्याच वाटेने ओतला जाणारा जाहिरातींचा कचराही बंद झाला. इटर्नल-सप्टेंबरसारखे काही सर्व्हर हौशी मंडळी चालवतात. खातं फुकट मिळतं, अट एकच: बायनरी नाही. प्रोग्रामिंगच्या भाषांचे, जुन्या संगणकांचे ग्रुप तिथे अजून चालू आहेत, आणि एका ग्रुपचा दिवसभराचा मजकूर चहा निवायच्या आत वाचून होतो.