तासाभराचा इतिहास आणि भाच्याची तक्रार

माझ्या भाच्याच्या खोलीतून येणाऱ्या आवाजाला मी कित्येक वर्षं 'गोंगाट' या एकाच नावाने ओळखत होतो. तबल्याची थोडीफार तालीम झालेल्या माणसाने असं म्हणू नये, हे मला उशिरा कळलं. कळलं तेही एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे. गंमत अशी, की ज्या भागाने माझे कान उघडले, त्याच भागावर भाचा मात्र बेहद्द नाराज होता. आज बोलायचं आहे ते त्या नाराजीविषयी.

मालिकेचं नाव 'मेटल इव्होल्यूशन'. सॅम डन आणि स्कॉट मॅकफॅडियन या कॅनडातल्या जोडीने ती केली. डन हा मानववंशशास्त्र शिकलेला माणूस आणि लहानपणापासून हेवी मेटलचा भक्त. २००५ मध्ये त्यांनी 'मेटल : अ हेडबँगर्स जर्नी' हा माहितीपट केला, २००८ मध्ये 'ग्लोबल मेटल'. या दुसऱ्या माहितीपटासाठी डन मुंबईलाही येऊन गेला होता. पुढे २०११ च्या अखेरीस ही अकरा भागांची मालिका सुरू झाली. जानेवारी २०१२ मध्ये दाखवलेल्या शेवटच्या भागाचा विषय होता प्रोग्रेसिव्ह मेटल.

हा काय प्रकार आहे, ते आधी थोडक्यात सांगतो. साठचं दशक संपता संपता इंग्लंडमधल्या काही रॉक वादकांना तीन मिनिटांच्या गाण्यांचा कंटाळा आला. किंग क्रिमझनची पहिली ध्वनिमुद्रिका १९६९ ची. येस, जेनेसिस ही मंडळी त्याच वाटेवरची. लांबलचक रचना, मध्येच बदलणारी लय, एकाच कथेभोवती गुंफलेली गाणी. कॅनडाच्या रश या त्रिकुटाने यात गिटारचं वजन वाढवलं. १९७६ च्या त्यांच्या '२११२' मध्ये तबकडीची एक पूर्ण बाजू, म्हणजे सुमारे वीस मिनिटं, एकच रचना चालते. मग ऐंशीच्या दशकात अमेरिकेत क्वीन्सराइक आणि फेट्स वॉर्निंग आले. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये जो वाद्यवृंद काढला, तोच पुढे ड्रीम थिएटर झाला. १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'मधलं त्यांचं आठ मिनिटांचं गाणं लोकप्रिय झालं आणि या संगीताला घराघरांत वाट मिळाली.

आता तालाचं पाहा. बाजारात चालणारी बहुतेक पाश्चात्त्य गाणी चार मात्रांत असतात. इथे पाच, सात, नऊ असे हिशेब चालतात. आपल्याला सात मात्रांचं नवल नाही, आपला रूपक आहेच. पण आपल्याकडे बंदिशीचा ताल एकदा धरला, की तो शेवटपर्यंत धरायचा. टूल या वाद्यवृंदाच्या २००१ च्या 'स्किझम'मध्ये पाच आणि सात यांची अदलाबदल सतत चालू राहते. स्वीडनच्या मेशुगाची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचा ड्रमवाला एका हाताने झांजेवर सरळ चार मात्रा देत असतो. त्याच वेळी गिटार आणि पायाचा ड्रम भलत्याच हिशेबाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत असतात. दोघे एकमेकांपासून लांब लांब जातात आणि ठरावीक आवर्तनांनंतर एकदम एका ठिकाणी येऊन पडतात. लांबलेली तिहाई समेवर आली, की मैफलीत आपल्या तोंडून 'वा' निघतं ना, अगदी तसंच. भाग पाहिल्यावर त्याच रात्री मी भाच्याला मेशुगा लावायला सांगितलं, मांडीवर चार मात्रा धरल्या, आणि तिसऱ्या खेपेला मला ती जागा सापडली.

मी खूष होतो. भाचा म्हणाला, "मामा, तुला आता हेच खरं वाटणार."

त्याचं म्हणणं असं. चाळीस वर्षांचा इतिहास तासाभरात, त्यातही जाहिराती. मुळांना वेळ दिला की फांद्यांना कमी पडतो. फेट्स वॉर्निंगवर एक अख्खा भाग व्हायला हवा, असं त्याचं मत. बाहेरच्या माणसाला जेवढं दाखवलं तेवढाच इतिहास राहतो, आणि राहिलेली मंडळी कायमची राहतात.

त्याच्या मित्रांत दुसरा वाद होता, तो मला अधिक मोलाचा वाटला. ड्रीम थिएटरच्या पंगतीला मेशुगा आणि मास्टोडॉन कसे? एका गटाच्या मते 'प्रोग्रेसिव्ह' ही एक शैली आहे: कीबोर्ड, लांब वादन, बोटांची तयारी. दुसरा गट विचारतो, १९९२ चा साचा आयुष्यभर गिरवणाऱ्याला पुढे जाणारा म्हणायचं कसं? मालिकेने कौल दिला तो बराचसा या दुसऱ्या बाजूला. घराण्याची गायकी जपायची की वाढवायची, हा वाद आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या चालला आहेच.

तिसरी तक्रार संपूर्ण मालिकेविषयी होती. मेटलची सर्वांत कर्कश शाखा, 'एक्स्ट्रीम मेटल', तीत नव्हतीच. पण इथे चाहते नुसती कुरकुर करून थांबले नाहीत. निर्मात्यांनी इंटरनेटवरून आवाहन केलं, चाहत्यांनी वर्गणी दिली, आणि राहिलेला तो भाग २०१४ मध्ये पुरा झाला. गणपतीला वर्गणी काढणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं कौतुक वाटायला हरकत नाही.

भाच्याची चिडचिड मला आधी पोरकट वाटली होती. मग आठवलं, नाट्यसंगीतावरचा एक अर्ध्या तासाचा कार्यक्रम पाहून मी स्वतः किती तणतणलो होतो! केशवराव भोसल्यांना दोन वाक्यांत उरकलं, म्हणून त्या दिवशी मी जेवताना कुणाशी बोललो नाही. शेजारचा एक तरुण मात्र तोच कार्यक्रम पाहून माझ्याकडे जुन्या ध्वनिमुद्रिका मागायला आला होता. मी त्याला कार्यक्रमातल्या चुकाच आधी ऐकवल्या. ध्वनिमुद्रिका द्यायच्या राहूनच गेल्या आणि तो पुन्हा आला नाही.

हे मी भाच्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग कागद घेऊन त्याने मालिकेत ज्यांना पुरेसा वेळ मिळाला नाही अशा नावांची यादी लिहून दिली. सध्या मी त्या यादीतलं दर रविवारी एक ऐकतो. सगळंच आवडतं असं नाही, काही अजूनही गोंगाटच वाटतं. पण आता आधी मांडीवर मात्रा धरतो आणि मगच काय ते बोलतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)