सावलीवरून स्फोटाचा पत्ता

आकाशात कुठेतरी स्फोट होतो. बहुतेकदा काही क्षण ते एक-दोन मिनिटं गॅमा किरणांचा लोट येतो आणि सगळं शांत. तो आला कुठून, एवढाच प्रश्न. ऐकायला सोपा, पण या स्फोटांचं अंतर नक्की व्हायला तीस वर्षं गेली, कारण नेमका पत्ताच मिळत नव्हता.

अडचण मुळातच आहे. साध्या दुर्बिणीत भिंग किंवा आरसा प्रकाश एकत्र आणतो, म्हणून दिशा कळते. गॅमा किरणांची तरंगलांबी अणूपेक्षाही लहान. ते आरशातून सरळ आरपार जातात, नाहीतर आतच शोषले जातात. डिटेक्टर फक्त 'आला' म्हणून सांगतो. 'कुठून' हे आपण युक्तीने काढायचं.

पहिली युक्ती घड्याळाची. १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारानंतर कोणी अंतराळात चोरून बॉम्ब फोडतंय का, हे बघायला अमेरिकेने 'वेला' उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ ला त्यांना एक झटका मिळाला, पण तो बॉम्बसारखा दिसेना. पुढे असे आणखी झटके आले, आणि एकच झटका वेगवेगळ्या उपग्रहांवर किंचित मागेपुढे पोचतो असं दिसलं. प्रकाश एका मिलिसेकंदात ३०० किमी जातो. दोन उपग्रहांतलं अंतर आणि वेळेतला फरक माहीत असला की कोन निघतो. शाळेतला कोसाइन, दुसरं काही नाही. मात्र एका जोडीतून आकाशात वर्तुळ मिळतं, बिंदू नाही. तरी तेवढ्यावरून पृथ्वी आणि सूर्य निर्दोष सुटले, आणि १९७३ मध्ये १६ स्फोटांची माहिती प्रसिद्ध झाली.

'कॉम्प्टन' वेधशाळेवर (१९९१ ते २०००) आठ कोपऱ्यांत आठ चपटे डिटेक्टर होते. ज्याचं तोंड स्फोटाकडे, त्याला किरण जास्त. आकड्यांच्या गुणोत्तरावरून दिशा. २७०४ स्फोट नोंदले गेले आणि ते आकाशभर सारखे विखुरलेले निघाले. पण चूक काही अंशांची, आणि पूर्ण चंद्रच मुळी अर्ध्या अंशाचा! एवढ्या पट्ट्यात दुर्बीण नेमकी वळवायची कुठे? शेजारच्या गल्लीतला लवंगी फटाका की दहा गावं पलीकडचा दारूगोळ्याचा कारखाना, हा वाद तसाच राहिला.

मग सावली कामाला आली. मला यातली सगळ्यात आवडलेली युक्ती हीच. 'स्विफ्ट' (२००४) या उपग्रहावर शिशाचे ५ मिमीचे पन्नास हजारांहून जास्त चौकोनी तुकडे एका पत्र्यावर वेडेवाकडे चिकटवलेत आणि एक मीटर खाली ३२,७६८ छोटे डिटेक्टर आहेत. स्फोटाची दिशा बदलली की सावली सरकते. एक सेंटिमीटर सरकली तर कोन अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. आता तुम्ही म्हणाल, तुकडे वेडेवाकडे का? खिडकीच्या जाळीची सावली एक घर सरकली तर ओळखू येते का? नाही येत. वेड्यावाकड्या नक्षीची सावली मात्र एकाच जागी जुळते. जुळवणी म्हणजे कोरिलेशन, जे आपण सिग्नल्सच्या पेपरला रट्टा मारून विसरतो!

असाच जाळीदार कॅमेरा, पण क्ष-किरणांवर चालणारा, 'बेपोसॅक्स'वर होता. २८ फेब्रुवारी १९९७ ला त्याने स्फोट पकडला आणि काही तासांत दुसरी दुर्बीण तिकडे वळवली, तेव्हा मंदावत जाणारा क्ष-किरणांचा ठिपका सापडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या स्फोटाचा वर्णपट मिळाला: प्रकाश सुमारे सात अब्ज वर्षं प्रवास करून आलेला. वाद मिटला. 'स्विफ्ट'ने हेच काम तासांवरून मिनिटा-दीड मिनिटावर आणलं, कारण जाळीने पत्ता दिला की तो कोणाला न विचारता स्वतःच वळतो.

आपल्या 'ॲस्ट्रोसॅट'वरच्या (२०१५) सीझेडटीआयलाही जाळी आहे. मुंबईच्या टीआयएफआरच्या पुढाकाराने ते बनलं आणि त्याच्या माहितीवरची प्रक्रिया पुण्याच्या आयुकात होते. चालू केल्या दिवशीच, ६ ऑक्टोबरला, त्याने स्फोट टिपला. गंमत म्हणजे बरेच स्फोट त्याला बाजूने, भिंतींतून आरपार आलेले दिसतात. तिथे जाळी कुचकामी. मग उपग्रहाचा प्रत्येक भाग किती किरण अडवतो याचं कॉम्प्युटर मॉडेल करून, कुठल्या दिशेने आल्यास डिटेक्टरवर असे आकडे पडतील, हे आयआयटी मुंबईच्या गटाने शोधायला घेतलं. म्हणजे तिथे अख्खा उपग्रहच जाळी झाला.