ढवळ्याशेजारी

अकोल्याच्या गॅरेजात मिस्त्रीची बोटं काळ्या ग्रीसने माखली होती. डब्यावर लिहिलं होतं : मॉलिब्डेनम डायसल्फाइड. याच पदार्थाचा खडा अमरावतीत एक पोरगी चिकटपट्टीने सोलते, असं कळलं आणि मी बडनेऱ्याची गाडी पकडली.

ग्रीस घसरतं आणि खडा सोलला जातो, कारण एकच : थर एकमेकांना जेमतेम धरून असतात. शेवटी एकच थर उरतो, जाडी ०.६५ नॅनोमीटर. मधे मॉलिब्डेनम, वर-खाली गंधक. हा अर्धसंवाहक इतका पातळ, की त्याला आतलं अंगच नाही. म्हणून तो कशावर पहुडतो, त्यावर त्याचा स्वभाव ठरतो.

ते अंथरूण घालणं हे तिचं काम. सिलिकॉनची चकती धुतली, वाळवली, सिलेनच्या द्रावणात सोडली. खोलीभर द्रावणातल्या टोल्युइनचा थिनरसारखा वास. पुढे हात लावायचा नाही. १८ कार्बनांची शेपटी असलेले सिलेनचे रेणू आपणहून डोकं चकतीला टेकवतात आणि शेपट्या वर करून दाटीने उभे राहतात. इस्रायलच्या जेकब सागिव यांनी हे १९८०मध्ये दाखवलं. हवेत ओल वाढली, की रेणू आपसातच गुंततात. बरणीतल्या सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले, की काम थांबतं. श्रावणात असे दिवस फार.

परीक्षा पाण्याच्या थेंबाची.

"पाहा जी काका, थेंब कसा बसते."

कोऱ्या चकतीवर तो पसरला. थर चढलेल्या चकतीवर अळवावरच्या पाण्यासारखा उभा राहिला.

"एकशे दहा पाह्यजे."

म्हणजे थेंबाच्या कडेचा कोन. पहिल्या चकतीला ९६ अंश. बाजूला. दुसरीला १०२. तीही बाजूला. तिसरीला ११०. तेव्हा कुठे ती हसली.

सिलिकॉनच्या कारखान्यात स्वभाव बदलायला परके अणू यंत्राने आत ठोकतात. तीन अणूंच्या थरात ठोकायला जागा कुठली? इथे फक्त शेजार बदलायचा. टोकाला अमीन असलेला सिलेन थराला इलेक्ट्रॉन देतो, फ्लोरीनवाला ओढून घेतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. कुसंगतीला लावायची म्हण मला पहिल्यांदाच कौतुकाची वाटली.

निघताना बरणीतले काही दाणे गुलाबी दिसले. मी काही बोलायच्या आत तिने बरणी रिकामी करून दाणे ओव्हनमध्ये सरकवले. भाजले, की पुन्हा निळे.