अंगणांतील पांखरांस दाणा कोणता घालावा

पेरणी आटोपली म्हणजे पिशवीच्या तळाशीं पसाभर बियाणें उरतें, आणि तें फुकट जाऊं नये म्हणून पुष्कळ घरांत तेंच अंगणांत पांखरांस टाकितात. हेतु चांगला, परिणाम मात्र घातक. विकतचें बियाणें बहुधा औषध लावलेलें असतें, व तें ओळखूं यावें म्हणूनच त्यास तांबडा किंवा निळा रंग देतात. त्यांतील थायरम हें बुरशीचें औषध, इमिडाक्लोप्रिड हें किडीचें. या दुसऱ्याचे थोडेसे दाणेही चिमणीएवढ्या जिवास पुरे होतात. धुतल्यानें असा दाणा निर्धोक होत नाहीं. बांधावर सांडलेलें बियाणेंही मातीआड करावें. तें मोर, होले व लावे टिपतात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें मोरास पूर्ण संरक्षण आहे हें ध्यानांत असावें.

दाणा घालावयाचा तो घरच्या खाण्याच्या कणगींतला. चिमणीची चोंच आंखूड व शंकूसारखी; ती दाणा सोलून खाते, म्हणून तिला बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी द्यावी. मुनियेस राळा व नाचणी आवडते. होला दाणा सबंध गिळतो, त्यास ज्वारी चालते. पोपट करडईवर तुटून पडतो, पण त्यास आमंत्रणाची गरज पडत नाहीं! बुरशी आलेलें धान्य व खारट फराळ कोणासही घालूं नये.

कित्येक बंधु विचारतील कीं, ज्या चिमण्यांस माळ्यावरून गोफणीनें हांकावयाचें, त्यांसच घरीं जेवावयास बोलवावें काय? आमचा जन्म पैसेवारीच्या तक्त्यांत गेला. त्यांत पांखरांनीं खाल्लेल्या दाण्यास रकाना नव्हता, तसा त्यांनीं वेंचलेल्या अळ्यांसही नव्हता. चिमणी स्वतः दाणा खाते खरी, परंतु लहान पिलांस ती मुख्यतः अळ्या व किडेच भरविते. तेव्हां परसांतील झुडुपांवर औषध मारून अंगणांत दाणा टाकणें व्यर्थ होय. पावसाळ्याअखेर गवताचें बीं मुबलक असतें. दाण्याची खरी गरज उन्हाळ्यांत, शेतें मोकळीं झाल्यावर पडते.

सकाळीं एक मूठ पुरे. उरलेला दाणा व टरफलें सांजेस झाडून काढावीं, नाहींतर उंदीर येतात. जागा उघडी असावी, मांजरास दबा धरतां येईल असा आडोसा लगत नसावा. ओसरीच्या तुळईस बाजरीच्या कणसांची जुडी टांगण्याची जुनी रीत आम्हांस सर्वांत पसंत आहे. जवळच एक उथळ परळ ठेवून त्यांतील पाणी रोज बदलावें.